फुली मारलेले कागद

बंबात शेवटचा कागद टाकून मागं वळले, तर सर दारात उभे. खांद्यावर पंचा, हातात चष्मा.

"मार्थाबाई, तो गठ्ठा कुठाय?"

"कंचा गठ्ठा?"

"शेवटचं प्रकरण. रविवारी वैशालीला द्यायचंय ते."

"फुल्या मारल्याला?"

"हो. तोच."

मी हातातल्या चिमट्यानं बंबाकडं दाखवलं. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुढं आले आणि बंबाच्या नळीत वाकून बघितलं. आत कागदाची एक कड लाल होऊन काळी पडत होती. ती काळी पडून झाली. मग ते सरळ झाले, म्हणाले, "पाणी तापलं का?"

"तापलं."

त्यांनी बादली ओढली, तोटी सोडली आणि न्हाणीचं दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. आयुष्यभराच्या कामाचं शेवटचं प्रकरण जाळून तापवलेल्या पाण्यानं माणूस आंघोळ करत होता आणि तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज रोजच्यासारखाच येत होता. मला पळून जावंसं वाटलं. पण तव्यावर भाकरी होती.

वैशाली सरांच्या आठवणींचं पुस्तक काढते आहे. मला म्हणाली, "मावशी, सरांच्या घरी सगळ्यांत जास्त वर्षं तुम्ही होता, तुम्ही पण लिहा." काय लिहू विचारलं, तर म्हणाली, आधी जे आठवेल ते लिहा. मला आधी हेच आठवलं, म्हणून हेच आधी लिहिलं.

सातभाई सर तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते. नगरला कॉलेजात शिकवायचे, मग निवृत्त झाले आणि सावेडीच्या पुढं एका लहानशा बंगल्यात एकटे राहिले. मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला आणि वरकामाला होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मिशनच्या शाळेत चार इयत्ता झाल्या आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसले. त्यामुळं सरांनी काय शोधून काढलं, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडं वीसेक वर्षं काढली आणि पहिल्या दिवशी जेवढं कळत नव्हतं, तेवढंच शेवटच्या दिवशीही कळत नव्हतं. फक्त न कळण्याची सवय झाली.

पहिल्या दिवशी मी कामाचं विचारायला गेले. तुमचं नाव काय, कुठं राहता, आधी कुठं काम केलं, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "समजा, तुम्ही उद्यापासून कामाला लागलात. आणि समजा, परवा आला नाहीत. तर मी उपाशी राहीन का?"

मी म्हटलं, "उपाशी कशापायी? बिस्किटं खाल."

त्यांनी मान डोलवली आणि ते चक्क कागदावर लिहून घेतलं. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, माणूस अर्धवट हाय. नवरा म्हणाला, "पर ओरडत न्हाई ना? मग जा."

'समजा' हा त्यांचा शब्द. पोरं त्यांना कॉलेजात समजा सर म्हणायची, त्यांना ते माहीत होतं. समजा हा रस्ता नसता. समजा काल पाऊस पडला नसता. समजा तुम्ही डाव्या हातानं पोळ्या लाटत असता. जे नाही ते आहे असं धरायचं, आणि मग बघत बसायचं, की बाकीचं काय काय बदलतं आणि काय तसंच राहतं. मला जेवढं समजलं तेवढं हे. त्यांचं सगळं संशोधन या एका शब्दावर होतं, असं वैशाली सांगते. मी एकदा म्हटलं, "सर, हाय त्याचंच निस्तारता येत न्हाई, न्हाई त्याचं कशाला काढताय?" तर म्हणाले, "आहे ते का आहे, हे कळायला नाही त्याच्याकडं जावं लागतं." मी भांडी घासायला गेले.

ते चिकट होते. कपड्यात नाही, खाण्यात नाही, कागदात. कोरा करकरीत कागद त्यांनी कधी वापरला नाही. सगळं लिखाण पाठकोऱ्या कागदांवर. लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, कॉलेजच्या जुन्या नोटिसा, आमच्या चर्चमधली उपासनेची पत्रकं मी आणायची तीसुद्धा. मागची बाजू कोरी असली, की माझ्या हातातून काढून घ्यायचे. जेवताना मचमच आवाज करायचे. हुलग्याचे शेंगोळे केले, की ताटलीला तोंड लावून रस्सा प्यायचे, एवढा शिकलेला माणूस. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, विचारलं, तर म्हणाले, "विचार करत होतो." चेष्टा केली की खरंच सांगितलं, कुणास ठाऊक.

एकदा मिरजगावच्या एका कॉलेजात त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. गोळ्या वेळेवर घ्यायच्या विसरायचे, म्हणून मला बरोबर नेलं. मांडव होता, हार होते, अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत. सर उठले आणि म्हणाले, "समजा, हा समारंभ झालाच नसता. तर काय बिघडलं असतं?" आणि मग ते मोजून एकेक गोष्ट सांगायला लागले. मांडववाल्याचं काय, पोरांच्या तासांचं काय, त्यांचं स्वतःचं काय. बहुतेक गोष्टींचं काहीच बिघडलं नसतं, असं निघत चाललं. अध्यक्षांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते मधेच उभे राहिले. "सर, आम्ही तुम्हाला मानानं बोलावलं. तुम्ही आमच्या कार्यक्रमाला नावं ठेवताय?"

सर गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. मी मागनं खूण केली, बसा. ते बसले.

चहाच्या वेळी कुणी त्यांच्याजवळ आलं नाही. एक मुलगी तेवढी आली. बारीक, सावळी, केसाला तेल. ती वैशाली. तिनं विचारलं, "सर, माझे आईबाप दर वर्षी कोपरगावकडं ऊसतोडीला जातात. मला आजीकडं ठेवतात. समजा ते गेले नसते, तर मी मीच असते का दुसरी कुणी असते?"

सरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. तो कप तसाच थंड झाला. गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला आणि हे दोघं खांबाला टेकून बोलत राहिले. येताना गाडीत सर म्हणाले, "मार्थाबाई, समारंभ झाला ते बरं झालं."

वैशाली नंतर आमच्याकडं यायला लागली. मग पुण्याला शिकायला गेली, मग तिथंच शिकवायला लागली. सरांचं पुस्तक लिहून घेण्याचं काम तिनं हाती घेतलं. दर दुसऱ्या रविवारी एसटीनं यायची, पाठकोऱ्या कागदांवरचं नवीन लिखाण पिशवीत घालून न्यायची आणि कॉम्प्युटरवर टाईप करायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला विचारलं होतं, "तुला त्यांचं कळतंय का गं?" ती म्हणाली, "कधी कधी वाटतं कळतंय. मग घरी जाऊन बघते तर नाही." तेव्हापासून मला ती आवडायला लागली.

माझा नवरा नागापूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. एका सकाळी त्याला कणकण होती. जाऊ का नको, असं करत खाटेवर बसला होता. मी म्हटलं, "जावा, घरी बसून काय अंडी उबवनार?" तो गेला. संध्याकाळी सायकलवर येताना ट्रकनं उडवला.

महिन्याभरानं मी कामावर परत आले. सरांना म्हटलं, "तुमी सारखं समजा समजा करता. आता माझं सांगा. समजा मी त्यांना त्या दिवशी जाऊ दिलं नसतं, तर?"

तिसऱ्या दिवशी सर जेवायला बसताना म्हणाले, "मार्थाबाई, ते त्या दिवशी घरी राहिले असते. एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. त्याच्यापुढचं मला माहीत नाही."

"मग इतकी वर्षं केलं काय तुमी?"

"मलाही तोच प्रश्न पडतो," ते म्हणाले आणि जेवायला लागले.

मला इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. त्यांना कळलंसुद्धा नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी मला सांगितलं होतं, देवाची इच्छा. दिरानं सांगितलं होतं, जायची वेळ आली की कोण थांबवणार. सासूनं सांगितलं होतं, तूच घालवलास. सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्याला आयुष्यभर यातच पगार मिळाला त्यालाच माहीत नव्हतं. मी त्या राग येणाऱ्या उत्तराचा पुष्कळ दिवस विचार केला. अजून करते.

आता बंबाचं.

बंबाला सकाळी चिपाड, काटक्या आणि कागद लागायचे. मी कामाला लागले त्याच वर्षी सरांनी नियम घालून दिला होता. टेबलावरच्या कागदाला हात लावायचा नाही. चुकलेल्या कागदावर ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोठी फुली मारणार आणि तो दाराजवळच्या स्टुलावर ठेवणार. स्टुलावरचा फुलीचा कागद बंबात. इतकी वर्षं हा नियम आम्ही दोघांनी पाळला.

मला एक खोड आहे. कागद वाचल्याशिवाय मी जाळत नाही. शाळा लवकर सुटली, मग जे हाताला लागेल ते वाचायची सवय लागली. भज्याचा कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, निवडणुकीची पत्रकं. बंबापुढं बसून सरांचे चुकलेले कागद मी एकेक करून वाचायची आणि आत टाकायची. मधेमधे चिन्हं असायची, ती सोडून द्यायची. मराठी तेवढं वाचायची.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत सरांचं डोकं मागं पडायला लागलं. चहा पिऊन झाल्यावर चहा झाला का म्हणून विचारायचे. एकदा शेजारच्या बंगल्यात जाऊन तिथल्या खुर्चीवर बसून राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार, कमी होणार नाही. सरांनी ते शांतपणे ऐकलं आणि वैशालीला म्हणाले, "आता पुस्तक आधी संपतं का मी, एवढंच बघायचं." त्यांना दुसरी कसली भीती नव्हती. पुस्तकाची बाकी सगळी प्रकरणं तिच्याकडं गेली होती. शेवटचं राहिलं होतं. ते त्यांनी सकाळी डोकं ताजं असेल तेव्हा, रोज थोडं थोडं करून लिहिलं. ते एका रविवारी द्यायचं ठरलं. आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी मी ते बंबात घातलं.

आंघोळ करून सर जेवायच्या टेबलाशी येऊन बसले. मी त्यांच्यापुढं चहा ठेवला.

"गठ्ठा स्टुलावर हुता," मी म्हटलं.

"टेबलावर होता."

"स्टुलावर."

"मला आठवतंय, टेबलावर."

"तुमाला काल चहा पिल्याला आठवत न्हाई."

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले. सरांनी खिशातून पेन काढलं, कॅलेंडरचं एक पान उलटं केलं आणि मधे उभी रेघ मारली. "समजा टेबलावर होता. तर चूक तुमची. समजा स्टुलावर होता. तर चूक माझी. दोन्हीकडून कागद जळालेलेच. मग चूक कुणाची हे शोधून आपल्याला काय मिळेल?"

"मला झोप मिळंल," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "खरंय. तो मुद्दा माझ्या ध्यानात आला नाही."

"पर फुल्या का मारल्या? चुकल्याल्या कागदावर फुली, आसं तुमीच सांगितलं हुतं."

"या प्रकरणात फुली म्हणजे बरोबर."

मला वाटलं, यांचं डोकं आता पूर्णच गेलं. माझा चेहरा बघून ते समजावायला लागले. "समजा, मांजरानं दूध प्यायलं नाही."

"कंचं मांजर?"

"कुठलंही. घराला कुलूप. आत मी नाही, तुम्ही नाही. एकटं मांजर. आपण धरून चाललो, की मांजरानं दूध प्यायलं नाही. मग कुणी प्यायलं? कुणीच नाही. म्हणजे भांड्यात दूध असायला पाहिजे. पण भांडं तर रिकामं. हे जमत नाही. जमत नाही तिथं मी फुली मारतो. म्हणजे आपण धरलं ते खोटं. म्हणजे मांजरानंच प्यायलं. कळलं? फुली आली की काम झालं. हे सगळं प्रकरण तसं आहे. प्रत्येक पानावर उलटं धरायचं, चालत जायचं आणि शेवटी फुली."

"मांजरानं पिलं ते मला मिशा बघूनच कळलं असतं," मी म्हटलं. "आन् हे मला आधी सांगायचं न्हाई का? एकाच घरात एक फुली जाळायची आन् एक ठेवायची?"

सरांनी कप जरा बाजूला सरकवला. "सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, हे सगळ्यांना माहीत असतं."

चहावर साय धरली. त्यांनी एकदाच विचारलं, आणि तेसुद्धा मला नाही, कॅलेंडरच्या पानाला विचारल्यासारखं. "आता परत कसं आठवायचं?" पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. त्यांना तसं मी त्याआधी बघितलं नव्हतं. मला वाईट वाटण्याऐवजी परत रागच आला. मी म्हटलं, "पहिल्या कागदावर तर माझंच नाव हुतं."

त्यांनी मान वर केली. "काय होतं?"

"समजा, मार्थाबाई मिठाचा डबा कधीच जागेवर ठेवत नाहीत. आसं लिवलं हुतं. मला लई राग आला. डबा हलवता तुमी आन् नाव माझं."

"मग? त्याच्या पुढं?"

"मग, डबा रोज नव्या जागी सापडतो. मग, सर रोज अळणी जेवतात. मग पुढं काय तरी चिन्हं. मग, पण सर रोज अळणी जेवत नाहीत. मग फुली."

सरांचं पेन चालू झालं होतं.

त्या प्रकरणातली निम्मी-अधिक उदाहरणं माझ्यावर होती. समजा मार्थाबाईंना भाकरी येत नाही. समजा मार्थाबाई मंगळवारी येतात पण सोमवारी येत नाहीत. समजा मार्थाबाई दोन आहेत. सगळं धडधडीत खोटं, आणि माझ्या नावानं लिहिलेलं. बंबापुढं बसून वाचताना माझी एकेका पानावर चिडचिड झाली होती, म्हणून एकेक पान डोक्यात बसलं होतं. मी चुलीपुढं भाकऱ्या थापत सांगायची, ते लिहायचे. माझं उदाहरण आलं, की त्यावरून त्यांना पुढचं आठवायचं. मधेच म्हणायचे, "थांबा, आता सांगू नका, आलं." एकदा मी म्हटलं, "ह्या पानावर मी दोन हुते. तुमी एक धुनं धुती आन् एक हितं हाय, आसं लिवलं हुतं." त्यांना हसू आलं. खरं सांगायचं तर त्या चार-पाच दिवसांत त्यांचं डोकं जेवढं चाललं तेवढं आधी वर्षभर चाललं नव्हतं. चहा झाला का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

एक पान मात्र आलं नाही. शेवटून तिसरं. त्यावर मराठी नव्हतंच. माझं नाव नाही, कुणाचंच नाही. नुसती चिन्हं आणि एक इंग्रजी अक्षर उलटं काढलेलं, आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा डाग. तेवढंच मला सांगता आलं. सर त्या पानापाशी येऊन थांबायचे. मागून यायचे, पुढून यायचे, तिथंच थांबायचे. शनिवारी संध्याकाळी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

रविवारी वैशाली आली. ओट्यापाशी उभी राहूनच कागद चाळायला लागली. मी कांदा चिरत होते.

"सर, इथं मधेच तुटतंय," ती म्हणाली. "इथून इथं कसे आलात?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी सुरी ठेवली, तोंड उघडलं.

सर म्हणाले, "तिथं एक पाऊल राहिलंय. तसं छाप, एक पाऊल राहिलं आहे म्हणून."

"मुद्दाम सोडलंत का सर?"

"समजा मुद्दाम," सर म्हणाले.

वैशालीचे डोळे चमकले. तिनं कागद पिशवीत घातले. मी सुरी उचलली आणि उरलेला कांदा चिरला.

सरांच्या 'समजा'पुढं जे येतं ते बहुतेक वेळा खोटंच असतं, हे चौथी शिकलेल्या मला इतक्या वर्षांत कळलं होतं. तिला कळलं नाही? का कळलं आणि तिनं तसं दाखवलं नाही? आणि सर माझ्यासाठी तसं बोलले, की स्वतःसाठी? मी विचारायचं ठरवलं, पण सोमवारपासून सर परत चहा झाला का विचारायला लागले, आणि मग ते राहूनच गेलं.

पुस्तक निघालं. सरांनी ते हातात घेतलं, वास घेतला आणि विचारलं, "कुणाचं आहे?" वैशाली म्हणाली, "तुमचं, सर." ते म्हणाले, "जाड आहे."

आणि मग जे सुरू झालं ते मला अजून उमगत नाही. एवढ्या मोठ्या पुस्तकात लोकांनी धरलं ते राहिलेलं पाऊल. ते कसं टाकायचं यावर लोकांनी लेख लिहिले. कुणी म्हणालं टाकता येतं, कुणी म्हणालं येतच नाही आणि सरांना तेच सुचवायचं होतं. वैशालीच्या दोन विद्यार्थ्यांनी म्हणे त्याच्यावरच अभ्यास चालवलाय. परदेशातून एक बाई आल्या. सरांसमोर खुर्ची ओढून बसल्या, वैशाली मधे बसून मराठीत सांगत होती. बाईंनी विचारलं, ते पाऊल तुम्ही का सोडलंत? सर खिडकीबाहेर बघत होते. मी शेंगोळे वाढले. बाईंना तिखट लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि सरांनी त्यांना स्वतःच्या हातानं पाणी दिलं. बाई जाताना माझा हात धरून काहीतरी म्हणाल्या. वैशालीनं सांगितलं, "म्हणतायत, एवढ्या मोठ्या माणसाची तुम्ही सेवा केलीत." मी म्हटलं, "त्यांना म्हनावं, काम केलं."

मी सरांना शेवटचं पाहिलं ती थंडीतली सकाळ होती. मी भाकरी टाकली होती. सर पंचा घेऊन स्वयंपाकघरात आले, हातात एक पाठकोरा कागद. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, फुलीसुद्धा नाही. तो त्यांनी दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. जरा वेळ बघत उभे राहिले. मग उचलून टेबलावर ठेवला. परत उचलला, परत स्टुलावर. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मार्थाबाई, समजा..."

मी थांबले. "काय समजा?"

ते माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. पुढचं येत नव्हतं. मी घाई केली नाही. तव्यावरची भाकरी करपली, वास सुटला, तरी मी थांबले. मग ते वळले आणि न्हाणीत गेले. त्याच संध्याकाळी, मी घरी गेल्यावर, त्यांची बहीण त्यांना कोपरगावला घेऊन गेली. तिथंच गेले.

त्यांना काय म्हणायचं होतं? कागद स्टुलावर त्यांनीच ठेवला होता, हे? की टेबलावर होता, आणि मी उचलला, हे? की काहीच नाही, म्हाताऱ्या माणसाचा हात नुसता चालला होता? मी रोज दोन्हीकडून धरून बघते. त्यांनी शिकवल्यासारखं एक धरायचं, चालत जायचं. माझी फुली कुठंच येत नाही.

शोकसभेत वैशाली चांगली बोलली. म्हणाली, "सरांनी ते एक पाऊल आपल्यासाठी राखून ठेवलं. पुढच्यांनी विचार थांबवू नये म्हणून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते. शेजारी माझी सून बसली होती, तिनं कोपरानं ढोसलं. "आत्याबाई, रडताय व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं. "ते पान बंबात घातलं हुतं."

"काय?"

"काय न्हाई. पुढं बघ."

वैशाली, हे मी तुला त्या रविवारीच सांगायला हवं होतं. त्यांनी डोळ्यांनी मला थांबवलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण ते नुसतं बघत होते, थांबवत होते असं मला वाटलं. आता छापायचं का नाही ते तू ठरव. त्या दोन पोरांचा अभ्यास वाया जातो का राहतो, ते मला कळत नाही. ते पाऊल तुमच्यातल्या कुणाला टाकता आलं, तर टाका. मला एवढंच माहीत आहे, की त्या पानाच्या कोपऱ्यात चहाचा डाग होता.

त्या मंगळवारी सकाळी घरात दोन माणसं होती. सर गेले. मी आहे.